बिनपाण्याचं बेट

आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत एक दूरदर्शन संच आहे. तो भिंतीवर इतका उंच बसवलेला आहे की, त्याच्याकडे बघत जेवणाऱ्याचा घास तोंडाऐवजी नाकाकडे जातो. रिमोट कोणाच्या हाती असावा यावरून तिथं आठवड्यातून एकदा तरी पानिपत होतं आणि माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या माणसाचं त्यात कधीच काही चालत नाही.

पण मी पहिल्या वर्षाला असताना पावसाळ्यातल्या एका रात्री नवल घडलं. बाहेर पाऊस कोसळत होता, निम्मी मुलं गावी गेली होती आणि रिमोट चक्क माझ्या ताटाशेजारी पडला होता. मी हावरटासारखा वाहिन्या बदलत सुटलो. एका ठिकाणी हिरवेगार डोंगर दिसले. डोंगराखाली समुद्र, समुद्राकाठी घरं, घरांच्या छपरांवर गवत, आणि पुढे एक मेंढी. मेंढीच्या पाठीवर कॅमेरा बांधलेला!

घास हातात तसाच राहिला. आमच्या गावात मेंढरांच्या पाठीवर रंगाचे ठिपके असतात, फार तर एखादं आजारी कोकरू मेंढक्याच्या खांद्यावर असतं. कॅमेरा वाहणारी मेंढी मी जन्मात पाहिली नव्हती.

तो कार्यक्रम फेरो बेटांवरचा होता. नकाशात नॉर्वे, आइसलँड आणि स्कॉटलंड यांच्या मधल्या समुद्रात बोट ठेवलं तर बोटाखाली ही बेटं झाकून जातात. एकूण अठरा बेटं. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपला एक जिल्हाच त्यांच्या सातपट. वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि बेटांच्या नावाचा अर्थही मेंढ्यांची बेटं असाच लावतात. अशा देशावर कोणी विनोदी कार्यक्रम करायचं म्हटलं तर त्याला सामग्रीची काय वाण? निवेदक मोठा गमत्या होता. दिवसातून चारदा बदलणारं हवामान, वाऱ्यावर टांगून वाळवलेलं आणि वासानंच पाहुण्याला दारातून परत पाठवणारं मटण, एका गावातल्यानं शिंक दिली तर दुसऱ्या गावातल्यानं देवाचं नाव घ्यावं इतकी जवळची ओळखपाळख, या सगळ्याची तो मनसोक्त टिंगल करत होता.

मला वाटलं, आता ही माणसं चिडणार. पण ती चिडत नव्हती. उलट निवेदकानं एक टोमणा मारला की ती स्वतःवर दोन मारत होती. त्या मेंढीची हकिकत तर ऐकण्यासारखी आहे. गूगल कंपनीच्या मोटारी जगभरचे रस्ते टिपत फिरत होत्या, पण या बेटांकडे त्या फिरकल्या नव्हत्या. आपण असतो तर काय केलं असतं? निवेदन दिलं असतं, मोर्चा नेला असता, निदान वर्तमानपत्रात 'जागरूक नागरिक' या सहीनं पत्र तरी धाडलं असतं. या लोकांनी २०१६ साली मेंढ्यांच्या पाठीवर चौफेर चित्रण करणारे, उन्हावर चालणारे कॅमेरे बांधले आणि त्यांना डोंगरावर सोडून दिलं. मेंढ्या चरत राहिल्या, चित्रं निघत राहिली आणि बेटवाले ती जगाला दाखवत राहिले. अखेर गूगलला त्यांची दखल घ्यावी लागली. पुढच्या वर्षी गूगलच्या भाषांतर करणाऱ्या यंत्रात आपली भाषा नाही म्हणून हीच माणसं पुढे सरसावली. परदेशातल्या कोणी एखादं वाक्य विचारलं की बेटावरचा कोणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून, मोबाइलसमोर उभा राहून ते आपल्या भाषेत बोलून दाखवायचा. यंत्र नाही तर माणसं आहेत, असा सगळा मामला.

त्या रात्री ताटातली भाजी गार झाली, पण मला जेवणाचं भान नव्हतं. मनात एकच विचार होता: ही माणसं आपल्यासारखीच आहेत; फक्त त्यांना हसता येतं.

आता वाचकांतला भूगोलाचा विद्यार्थी विचारील की, मराठवाडा कुठं आणि फेरो कुठं? त्यांच्या चहूबाजूंना पाणी, आणि आपल्याकडे पाणी शोधायला निघावं तर चहूबाजूंना कोरड्या विहिरी. कबूल आहे. पण मी नंतर ग्रंथालयात बसून थोडं वाचलं तेव्हा मौजेचे धागे हाती लागले. फेरोची भाषा घरात एक आणि शाळेत, कचेरीत, प्रार्थनामंदिरात दुसरी, असा प्रकार शेकडो वर्षं चालू होता. राज्य डेन्मार्कचं, म्हणून लिहिण्यावाचण्याची भाषा डॅनिश. शाळेत त्यांच्या भाषेला डॅनिशच्या बरोबरीचा मान मिळाला तो १९३८ साली, आणि घरचा कारभार घरच्यांच्या हाती आला १ एप्रिल १९४८ रोजी. त्याच वर्षी, १७ सप्टेंबरला, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तोवर आपल्याकडेही घरात मराठी आणि दफ्तरात उर्दू होती. माझे पणजोबा 'अलिफ, बे' शिकलेले. ज्ञानेश्वरी त्यांनी कानानं पाठ केली होती, पण सही उर्दूत करत. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. म्हणजे उरलेल्या महाराष्ट्राशी आपला शाळा-कचेरीचा शेजार तसा अलीकडचा. इतकी वर्षं वेगळं राहिलेल्या माणसांची बोली थोडी वेगळी वळण घेणारच. बेटाला समुद्रच लागतो असं नाही. मधली वाट बरीच वर्षं बंद राहिली तरी पुरतं.

आमच्या या बेटाच्या बोलीचा मला पहिला फटका बसला तो शहरात आल्यावर आठव्या दिवशी. पुण्याहून आलेला एक मुलगा खोलीत डोकावून म्हणाला, "काय रे, काय करतोयस?" मी म्हणालो, "अभ्यास करायलो."

तो वाट बघत उभा राहिला. मग म्हणाला, "अभ्यास करायला काय?"

"करायलो की."

"अरे, पण करायला लागलास, की करायला जाणार आहेस, की करायला बसला होतास?"

आता याला काय सांगावं? परभणीकडे 'करायलो' म्हणजे या क्षणी, तुझ्या डोळ्यांदेखत, तू व्यत्यय आणला नसतास तर अजूनही करत असतो, असा त्याचा अर्थ. 'तू काय करायलास', 'ती जेवायली', 'ते यायलेत' ही आमची चालू वर्तमानकाळाची रूपं. व्याकरणात पाहिलं तर त्यात चूक काही नाही. फक्त ती पाठ्यपुस्तकात नाहीत. पण त्या दिवशी व्याकरण माझ्या बाजूनं उभं राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत साऱ्या मजल्यावर माझं नाव 'करायलो' पडलं. मी महिनाभरात 'करतोय' म्हणायला शिकलो. पाण्यातला 'ण' घासूनपुसून लख्ख केला. 'काऊन' सोडून 'का' म्हणू लागलो. 'लई' गेलं, 'खूप' आलं. पोशाख बदलावा तशी मी भाषा बदलली आणि जुनी ट्रंकेत ठेवली. सुट्टीत गावी निघताना ती काढायची, एस.टी.त बसलो की अंगावर चढवायची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या खानावळीच्या संचावर एका विनोदी कार्यक्रमात एक 'मराठवाड्याचा' माणूस अवतरला. कोणत्या वाहिनीवर, ते सांगण्यात अर्थ नाही. असे नमुने सगळीकडे मिळतात. डोक्याला मुंडासं, तोंडाचा आ, आणि बोली म्हणाल तर सातारची, वऱ्हाडची, खानदेशची आणि थोडी नटाच्या मनाची, अशी सगळ्यांची खिचडी. विनोद सगळे एकाच विहिरीतून काढलेले: हा माणूस आंघोळ करत नाही, कारण याच्या गावात पाणी नाही. टँकर दिसला की हा हात जोडतो. मुंबईत नळ बघून हा घाबरतो. प्रेक्षागृह हसत होतं. खानावळही हसत होती. आमच्यातली लातूरची, बीडची, हिंगोलीची मुलंही हसत होती, कारण न हसणारा ओळखू येतो.

माझ्या शेजारी लातूरचा एक मित्र बसला होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा तो शाळकरी पोर होता. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं, हे आकडे त्याला अजून पाठ आहेत. लहानपणी दुसरी मुलं क्रिकेटच्या धावा पाठ करतात तसे. तोही आधी हसला. मग ताट उचलून निघून गेला. मला एकदम ती फेरोची मेंढी आठवली. त्याच २०१६ साली त्या बेटानं मेंढीच्या पाठीवर कॅमेरा बांधून जगाला आपल्याकडे बघायला लावलं, आणि आमच्याकडे जगानं पाहिलं ते पाण्याच्या गाडीमुळे. त्यांचा विनोद त्यांनी केला. आमचा दुसऱ्यांनी केला.

त्या रात्री मी खोलीत भाषण ठोकलं. (श्रोते चार, त्यांतले दोन झोपलेले.) मी म्हणालो, आपल्या नाटका-सिनेमांत शुद्ध बोलतो तो नायक आणि गावंढळ बोलतो तो गडी, हवालदार किंवा चोर, ही वहिवाट आपण किती दिवस चालवून घ्यायची? मालवणीची गतही पूर्वी अशीच होती. गडीमाणसाच्या तोंडची ती भाषा १९८० साली 'वस्त्रहरण'नं रंगमंचाच्या मधोमध आणून उभी केली, आणि गंगाराम गवाणकरांच्या त्या शब्दांवर आणि मच्छिंद्र कांबळींच्या त्या हेलांवर पुण्या-मुंबईचे लोक तिकिटं काढून हसले. आपले मकरंद अनासपुरे घ्या. मराठवाड्याचा हेल पुसून न टाकता ते 'कायद्याचं बोला' आणि 'दे धक्का'मध्ये नायक म्हणून उभे राहिले. आणि दुष्काळानं माणसं मोडली तेव्हा त्यांनी नाना पाटेकरांबरोबर २०१५ साली 'नाम' ही संस्था काढून शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली. टँकरवर विनोद करण्याचा हक्क असलाच तर अशा माणसाला आहे. भाषण उत्तम झालं. जाग्या असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

आता खरी गोष्ट सांगतो. ती सांगायला मी इतके वळसे घेतले, यावरूनच ती कशी असेल हे चतुर वाचकांनी ताडलं असेल.

त्या भाषणानंतर दोन महिन्यांनी, जानेवारीत, आपल्या महाविद्यालयाचं स्नेहसंमेलन झालं. विविध गुणदर्शनाच्या कार्यक्रमात मी एकपात्री सादर केलं. विषय: 'गावाकडचा बाप वसतिगृहात येतो'. साहित्य: एक टॉवेल, एक पिशवी आणि माझ्या वडिलांचा आवाज.

आबा खरोखरच आले होते. ऑक्टोबरात. त्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस आला आणि सोयाबीन शेतातच भिजलं. खानावळीची अनामत भरायची होती. आबा पहाटेच्या गाडीनं निघून अकराला शहरात उतरले. त्यांनी विचारत विचारत कचेरी गाठली आणि खिडकीपाशी उभे राहून, गावात लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी त्या आवाजात म्हणाले, "रामराम साहेब! पोराचे पैसे भराया आलो." मग पिशवीतून रुमाल, रुमालातून कागद, कागदातून नोटा निघाल्या. त्यांनी त्या थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि म्हणाले, "निम्मे आज घ्या साहेब. निम्मे सोयाबीन वाळलं की आणून देतो. मी काय पळून चाललो काय?" मागे रांगेत उभी असलेली मुलं हसली. कारकून भला माणूस होता, त्यानं पावती फाडली.

हे सगळं मी रंगमंचावर जसंच्या तसं केलं. पिशवी, रुमाल, कागद, नोटा. थुंकी लावणं. आवाज. मी ट्रंकेतली भाषा काढून अशी झटकली की पाहणारे थक्क झाले. 'मी काय पळून चाललो काय' या वाक्याला तर प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. ज्या पोरानं माझं नाव 'करायलो' ठेवलं होतं त्यानं मला खांद्यावर घेतलं. पहिलं बक्षीस मिळालं. कोणीतरी त्याचं चित्रण करून ते पसरवलं आणि चार दिवसांत ते आमच्या गावच्या मोबाइलांवर पोचलं.

आबा दर रविवारी फोन करतात. त्या रविवारी त्यांनी आधी अभ्यासाचं विचारलं, मग जेवणाचं, मग शहरातल्या थंडीचं. निरोप घेता घेता म्हणाले, "ते तुझं बघितलं. शेजारच्या पोरानं दावलं."

मी गप्प.

"आवाज बराबर काढलास. तुझी माय तर दचकलीच, म्हनली हे घरात कोन बोलायलंय." मग थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला, शेतात उभे असावेत. "फक्त ते पैशाचं सोडून दिलं असतंस तरी चाललं असतं."

त्यांनी फोन ठेवला. मी बक्षिसाचं स्मृतिचिन्ह कपाटात, कपड्यांच्या खाली सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मराठीचे सर जिन्यात भेटले. त्यांनी माझं एकपात्री पाहिलं होतं. ते रागावले नाहीत, शाबासकीही दिली नाही. म्हणाले, "लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहिलंस का? नसशील तर पाहा. त्यात तो नट कोणाकोणाला हसतो, ते मोज."

'वऱ्हाड' हे आपल्या शहराचं नाटक. डॉ. लक्ष्मण देशपांडे इथल्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. नाटक त्यांनीच लिहिलं, त्यांनीच केलं. एकटा नट, आणि त्याच्या अंगात एकामागून एक बावन्न माणसं येऊन जातात. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. २००९ साली ते गेले. पुढे माजलगावकडच्या संदीप पाठक यांनी ते नाटक पुन्हा उभं केलं. हे सगळं मी सामान्यज्ञान म्हणून जाणत होतो. नाटक पाहिलं नव्हतं. वेरूळला अजून न गेलेले शहरवासी असतात ना, त्यातला प्रकार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा एका रात्री, वीज गेलेली असताना, अंगणातल्या बाजेवर बसून मी मोबाइलवर त्या प्रयोगाचं चित्रण लावलं. आबा शेजारी येऊन बसले. मग आई आली. मग चुलते आले. मोबाइलच्या ओंजळभर उजेडात सहा डोकी वाकली आणि त्या उजेडातून आमच्याच गावची माणसं बाहेर पडू लागली. लग्नाची गडबड, मानपान, रुसवेफुगवे, विमान, साता समुद्रापलीकडचे व्याही. आबा मांडीवर थाप मारून हसत होते. एकदा तर हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि आईनं पाणी दिलं. "हा बघ, हा आपला अमका," असं म्हणून ते प्रत्येक पात्राला गावातल्या एकेकाचं नाव देत होते. आणि काही पात्रांना, मोठ्या उदारपणे, स्वतःचं.

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी मोजू लागलो. आणि माझी पंचाईत झाली. तो नट कोणालाच हसत नव्हता. तो ज्याच्या अंगात शिरायचा, त्याच्या बाजूनं पुरता उभा राहायचा. अडाणी माणसाचं अडाणीपण दाखवताना त्याला त्या अडाणीपणाची कारणंही ठाऊक असायची. ती माणसं विमानात बसली तरी गाव बरोबर घेऊन बसतात आणि लंडनला उतरली तरी दबत नाहीत. हसू येतं ते त्यांच्या साधेपणाचं आणि लंडनचंही. बावन्नांतला एकही जण असा नव्हता की, जो घरी जाऊन म्हणेल, अमुक तेवढं सोडून दिलं असतंस तरी चाललं असतं.

नाटक संपलं. मोबाइलही संपत आला होता. अंधारात आबा म्हणाले, "ह्यो मानूस लई मोठा. ते टीव्हीवरचे बघ, ते आपल्याला हसायलेत. ह्यो आपल्याला हसवायलाय."

चालू वर्तमानकाळाची दोन रूपं. ज्या रूपाची मला वर्षभर लाज वाटली होती त्याच रूपात आबांनी, अनुवादाची गरज न ठेवता, विनोदाची अख्खी मीमांसा सांगून टाकली होती. 'मग मी काय करायलो होतो?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. विचारण्याचा धीर झाला नाही.

त्या रात्री बाजेवर पडल्या पडल्या मी माझ्याच एकपात्रीचा पुन्हा हिशेब केला. मी परका नव्हतो. माझी बोली अस्सल होती, खिचडी नव्हती. बाप माझा होता, सोयाबीन आमचं होतं. म्हणजे त्या रात्रीच्या माझ्या भाषणाप्रमाणे पाहिलं तर मला सगळा हक्क होता. मग चुकलं कुठं?

विचार करता करता ती खिडकी पुन्हा डोळ्यांपुढे आली आणि लक्षात आलं की, मी प्रसंग जसाच्या तसा केलाच नव्हता. रंगमंचावर माणसं दोन होती: आबा आणि कारकून. कचेरीत माणसं तीन होती. तिसरा मी होतो. आबा 'रामराम साहेब' म्हणाले तेव्हा मी त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर, व्हरांड्यातल्या खांबामागे उभा होतो आणि सूचनाफलक वाचत होतो. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. मागची मुलं हसली तेव्हा, आपण या म्हाताऱ्याबरोबर नाही असं दिसावं म्हणून, मीही थोडासा हसलो होतो. त्या प्रसंगात हसण्यासारखा माणूस खरं म्हणजे एकच होता, आणि त्यालाच मी गाळला होता.

फेरोची माणसं मेंढीवर हसतात तेव्हा त्या चित्रात ती स्वतःही असतात. लक्ष्मण देशपांडे बावन्न माणसं करतात तेव्हा त्यांतल्या प्रत्येकाच्या जागी ते स्वतः उभे राहतात. मी मात्र कॅमेरा बापाच्या पाठीवर बांधला आणि आपण खांबामागे उभा राहिलो. टँकरवर विनोद करणाऱ्या त्या नटाला मी नावं ठेवली होती. त्याचा आणि माझा धंदा एकच होता. फरक एवढाच की त्याला माझं गाव माहीत नव्हतं.

यंदाच्या जानेवारीत संमेलनात मी तेच एकपात्री पुन्हा केलं. पिशवी आणि रुमाल ठेवला, नोटा काढून टाकल्या. आबा खिडकीपाशी आता डबा घेऊन येतात आणि पोराची चौकशी करतात. आणि ते पोर खांबामागे उभं राहून सूचनाफलक वाचतं. 'हरवले आहे: एक छत्री' ही सूचना ते सात वेळा वाचतं. प्रेक्षक छत्रीला हसले. सातव्या वेळेला सभागृह जरा शांत झालं. मागच्या बाजूला बसलेल्या काही मुलांनी खाली पाहिलं. त्यांचेही कोणी ना कोणी डबा घेऊन आले असतील. शिट्ट्या पडल्या नाहीत. बक्षीस मिळालं नाही. 'करायलो' म्हणणारा तो पुण्याचा मुलगा मात्र रात्री खोलीत आला आणि बराच वेळ बसला. त्याचे आजोबा कोकणातले, पुण्यात आल्यावर नातवाच्या मित्रांसमोर ते बोलायचेच बंद झाले होते, असं त्यानं सांगितलं. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून त्याच्या आजोबांचे हेल आठवून पाहिले. त्याला फारसे आठवले नाहीत.

चित्रण मी स्वतःच आबांना पाठवलं. त्यांच्याकडे आता स्वतःचा तसला मोबाइल आहे. रविवारी फोन आला. अभ्यास झाला, जेवण झालं, थंडी झाली. मग मीच विचारलं. एक वर्ष पोटात ठेवलेला प्रश्न होता तो. ट्रंकेतली भाषाही आपोआपच बाहेर आली.

"आबा, खरं सांगा. मी हसायलो का हसवायलो?"

पलीकडे बराच वेळ बैलाच्या घुंगराचा आवाज येत राहिला.

"तू अजून शिकायलास," आबा म्हणाले. मग थांबून, सहज आठवल्यासारखं, "आन ते खांबामागचं मला तवाच दिसलं व्हतं."

मला काही बोलता आलं नाही. त्यांनीच मग विचारलं की, खानावळीचे पैसे भरलेस का, का येऊ घेऊन?

मी म्हणालो, "या. मी गेटावर उभा ऱ्हातो."